पळसाच्या चढावरचा हात

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. हे वाक्य या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर प्रत्येक जण लिहितो, मला माहीत आहे, पण माझी चौकशी करून पाहा. तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळांत गणित-विज्ञान शिकवलं. एका शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून पोरं तिकडे लघवीलासुद्धा जायची नाहीत, तर मी महिनाभर रोज त्या चिंचेखाली बसून डबा खाल्ला. हडळ आली नाही, मुंगळे आले. स्वभावच असा. आमची मंडळी म्हणते, तुमच्याशी वाद घालण्यापरीस भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान उलटून बोलत न्हाई.

तर इथले अनुभव मी रोज वाचतो आणि निम्म्यांना हसतो. राग मानू नका, खरं ते खरं. मग मी का लिहायला बसलो? कारण माझ्या बाबतीत जे झालं त्यात मेलेलं कोणीच नव्हतं. ज्याचा तो हात होता तो माणूस त्या दिवशी जिवंत होता, पन्नास-साठ किलोमीटरवर परभणीत होता आणि सकाळचं जेवून आपल्या कामावर बसला होता. भुताचा हात असता तर एक वेळ मी मान्य करून मोकळा झालो असतो... इथे तीच तर पंचाईत आहे.

जागा नीट सांगतो. जिंतूरहून येलदरीच्या रस्त्याला लागलं की काही अंतरावर एक फाटा फुटतो. तेव्हा तो कच्चा होता. फाट्यावरून थोडं आत गेलं की ओढा, ओढ्यापलीकडे एक मैलाचा दगड, आणि त्या दगडापासून चढ सुरू. अडीच किलोमीटरचा सरळ छातीवर येणारा चढ. पहिला निम्मा सागाच्या आणि पळसाच्या जंगलातून, मग झाडं एकदम संपतात आणि उघडा माळ लागतो. कुसळी गवत, काळे धोंडे आणि वारा. माळ ओलांडला की आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांची नातवंडं अजून तिथे नांदतायत.

आम्ही त्याला पळसाचा चढ म्हणायचो. सायकलवरून न उतरता तो चढणारा आमच्या चार गावांत एकच गडी होता. सुखदेव.

सुखदेव माझ्या वर्गातला. पहिलीपासून एका पाटीवर शिकलो म्हणा. आम्ही मराठे, ते बौद्ध, त्याचे वडील गावोगाव फिरून विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. अकरावीला आम्ही दोघं जिंतूरच्या कॉलेजात गेलो, सायकलीवर. सकाळी उतार, त्यामुळे मजा. संध्याकाळी घरी येताना चढ, आणि तिथे माझी बोंब. मला लहानपणापासून दमा. दहा पायडल मारले की छातीत शिट्टी वाजायची.

सुखदेवची त्यावर युक्ती होती. तो माझ्या डाव्या अंगाला सायकल घ्यायचा, डाव्या हाताने स्वतःचं हँडल धरायचा आणि उजव्या हाताचा पंजा माझ्या पाठीवर ठेवून मला ढकलायचा. स्वतःची सायकल चालवत! अडीच किलोमीटर! "किशन, तू फकस्त पाय हलवत ऱ्हा. वर बघू नको, चाकाकडं बघ," एवढंच बोलायचा. माझं नाव रामकिशन, त्याच्या तोंडी किशन. माथ्यावर चुन्याने रंगवलेला एक धोंडा होता, तिथे पोचलं की पाठीवर दोनदा थाप मारायचा आणि हात काढून घ्यायचा. दोन थापा म्हणजे आता सपाट आलं, आता तुझं तू बघ. वर्ष-सव्वा वर्ष माझी पाठ त्या पंज्याला ओळखत होती. डोळे बांधून शंभर जणांनी हात ठेवले असते तरी मी सांगितला असता, हा सुखदेवचा.

आता त्या चढाची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. त्या जंगलात तेव्हा लांडगे होते, तरस होतं, म्हणून चढ एकट्याने चढायचा नाही असा आमच्या चारही गावांचा दंडक. ज्यांचं ठरलंय त्यांनी पायथ्याच्या मैलाच्या दगडाजवळ एकमेकांची वाट बघायची. कोणाला दुसरी सोबत मिळाली आणि तो पुढे निघून गेला, तर त्याने पळसाचं एक पान तोडून दगडाच्या बुडाशी असलेल्या सपाट धोंड्याखाली दाबायचं. पान आहे म्हणजे जोडीदार पुढे गेला, तू दुसरी सोबत बघ. पान नाही म्हणजे तो अजून मागे आहे, तू थांब. दूधवाले, बाजारकरू, आम्ही पोरं, सगळे हे पाळायचे. निरोप पाठवायची कधी गरज पडली नाही, धोंडा उचलला की कळायचं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आजच्या पोरांना नामांतर म्हणजे परीक्षेतला चार मार्कांचा प्रश्न. आम्ही तो धूर नाकाने घेतलाय. गावात कालपर्यंत एकमेकांच्या औताला बैलं देणारी माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. आमच्या घरात मला सांगितलं गेलं, त्या पोराबरोबर आता हिंडायचं न्हाई. मी "बरं" म्हणालो आणि हिंडत राहिलो, फक्त गावाच्या अलीकडे आम्ही सायकली वेगळ्या करायला लागलो. सुखदेवच आधी ब्रेक दाबून मागे राहायचा.

एक दिवस कॉलेज दुपारीच सोडलं. शहरात गडबड होती. सुखदेवची प्रॅक्टिकलची बॅच वेगळी, तो आत अडकलेला. सकाळीच ठरलं होतं, पायथ्याला भेटू. मी बाहेर आलो तर फाटकात माझे चुलते उभे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. बरोबर गावातले दोघं, सायकली घेऊन. मला न्यायला आले होते.

ओढा ओलांडून दगडाजवळ आलो. मी सवयीने सायकल थांबवली, पळसाचं पान तोडलं, वाकलो.

तात्यांनी विचारलं, "कोणासाठी ठेवायलास रं?"

आवाज चढवला नव्हता. साधं विचारलं होतं, जेवलास का विचारावं तसं. ते दोघंही बघत होते. मला एवढंच नाव घ्यायचं होतं, सुखदेव. चार अक्षरं. पहिलीपासून रोज घेतलेलं नाव.

"कोणासाठी न्हाई," मी म्हणालो आणि पान खिशात घातलं.

त्या दोघांतल्या एकाने माझी सायकल ढकलत नेली आणि मी मागून चालत, थांबत, धापा टाकत वर गेलो. दुसऱ्या दिवशी माय विहिरीवर धुणं धुताना ओरडली, "रामकिशन, खिशात पानं घिऊन कामून हिंडायलास रं?" आणि पान काढून तिने बाजूला फेकलं.

तोवर गावात बातमी आली होती. सुखदेव दगडाजवळ दिवस मावळेपर्यंत थांबला होता. रस्त्याने आलेल्या काही जणांनी त्याला गाठलं आणि मारलं. कोण ते मला आजही माहीत नाही. त्याची सायकल ओढ्यात सापडली. उजवा हात मोडलाय असं लोक बोलत होते. त्याच्या वडिलांनी त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, पंधरा दिवसांत त्यांच्या घराला कुलूप लागलं आणि सगळे परभणीला नातेवाइकांकडे गेले. आमच्या घरापासून त्यांचं घर पाचशे पावलांवर होतं. ते पंधरा दिवस मी तिकडे फिरकलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

त्यानंतर कोणी पान ठेवेना. रीतच मोडली. आता कोणावर विश्वास ठेवून थांबायचं, असं झालं.

आता मूळ अनुभव. सत्त्याऐंशी साल. महालक्ष्म्यांच्या विसर्जनाचा दुसरा दिवस, म्हणजे भाद्रपदातला. मी तोवर शिक्षक झालो होतो आणि गावातच राहत होतो. सुलोचना, म्हणजे आमची मंडळी, पहिलटकरीण. पहाटे बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, सगळं ठीक. मग वार पडली, पण रक्त थांबेना. उपकेंद्राच्या सिस्टर घरी येऊन बसलेल्या. शांत बाई, कधी आवाज वाढवायच्या नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास त्या बाहेर आल्या. हाताला कोपरापर्यंत रक्त होतं.

"सर, माझ्याकडची इंजेक्शनं संपली. यांना गाडीत घालून चढावरून नेलं तर वाटेतच... जिंतूरहून ही इंजेक्शनं आणि सलाइनच्या दोन बाटल्या आणा. दोन तासांत या. त्यापुढचं मला नाही सांगता येणार."

चिठ्ठी माझ्या हातात दिली. आत जाऊन बघितलं तर सुलोचनाचे ओठ पांढरेफटक. मला म्हणाली, "पोरीला दूध कोण पाजंल?" एवढंच.

रात्रभर पाऊस झालेला. गावातला एकुलता ट्रॅक्टर माळावर चिखलात रुतलेला, मेव्हणा सासूबाईंना आणायला ताडकळसला गेलेला, बापे माणसं बाजाराला. राहिलो मी, माझा दमा आणि माझी बावीस इंची सायकल. निघालो.

जाताना उतार. सायकल सोडून दिली नुसती, ब्रेक जवळपास दाबलाच नाही. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, सायकल खांद्यावर घेऊन पार केला. जिंतूरला दवाखान्यात चिठ्ठी दाखवली. तिथल्या डॉक्टरांनी औषधं हातात दिली, जीप काढायलाही सांगितली, पण ड्रायव्हर म्हणाला, साहेब, त्या ओढ्यातून जीप जाणार न्हाई, मधीच बंद पडंल. खरंच होतं त्याचं. इंजेक्शनं आणि काचेच्या दोन बाटल्या जुन्या धोतरात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी गळ्यात अडकवली. पुन्हा पाऊस लागला, वारा समोरून.

ओढ्याला येईपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. एका हाताने सायकल खांद्यावर, दुसऱ्या हाताने पिशवी डोक्यावर धरून मी त्यात उतरलो. कसा पार झालो ते मला सांगता येत नाही. पण पलीकडे पाऊल टाकलं आणि छाती बंद. ज्यांना दमा आहे त्यांना कळेल. हवा बाहेर आहे, नाक आहे, तोंड आहे, आणि आत काही जात नाही. मैलाच्या दगडाला टेकून बसलो. घड्याळात बघितलं, सव्वा तास होऊन गेला होता. समोर अडीच किलोमीटर चढ, वर किलोमीटरभर माळ.

उठलो. सायकल ढकलत वीस पावलं गेलो आणि पडलो. बाटल्या फुटल्या का ते बघितलं. फुटल्या नव्हत्या. सायकल टाकून नुसतंच चालावं म्हटलं, तर पंधरा पावलांत डोळ्यांपुढे काळं. परत दगडाजवळ आलो. ओरडलो. "कोणी हाय का?" आवाज कसला, घशातून नुसती शिट्टी. खरं सांगतो, मी त्या चिखलात बसून लहान पोरासारखा रडलो. देवाला मानत नाही, तरी त्याला आईवरून शिव्या दिल्या. सुलोचना वर मरत होती, तिचं औषध माझ्या गळ्यात होतं आणि मी तिथून हलू शकत नव्हतो. दहा मिनिटं गेली असतील.

आणि मग मी एक गोष्ट केली. दगडाच्या बुडाशी तो सपाट धोंडा तसाच होता, नऊ वर्षं तिथेच. मी उचलला. खाली गोगलगायी. मी हात लांब करून पळसाचं पान तोडलं, धोंड्याखाली दाबलं आणि सायकलीवर बसलो.

चार पायडल मारले असतील. चाक थांबायला आलं, सायकल कलली... आणि पाठीवर हात आला.

भास नव्हे. झुळूक नव्हे, वारा समोरून होता. पंजा. पाची बोटं. अंगठा मणक्याच्या बाजूला, तळवा जिथे असायचा बरोबर तिथेच. ओल्या शर्टातून ऊब कळत होती. सायकल सरळ झाली आणि पुढे निघाली.

मी डावीकडे बघितलं. रस्ता, पाण्याचे ओघळ, पळसाची झुडपं. कोणी नाही. दुसरी सायकल नाही, चाकाचा आवाज नाही. पण हात होता. पायडलवर किती जोर पडतो ते चालवणाऱ्याला कळतं. माझ्या पायांत जोर नव्हताच, पायडल नुसते फिरत होते आणि मी वर जात होतो.

भीती वाटली का? तुम्हाला वाटेल वाटली असेल. नाही. लाज वाटली. अंगावर काटा आला तो लाजेने. मला म्हणायचं होतं, सुखदेवा, सोड, मी याच्या लायक नाही. आणि तोंडातून निघालं ते उलटंच, "सोडू नको. गड्या, सोडू नको." हात कोणाचा, कुठून आला, काय वाट्टेल ते असो, माझी बायको जगली पाहिजे. माणूस एवढा स्वार्थी असतो आणि एवढा लाचार. मी चाकाकडे बघत राहिलो आणि पाय हलवत राहिलो.

जंगल संपलं. माळावरचा वारा तोंडावर आला. चुन्याचा धोंडा आला. पाठीवर दोनदा थाप पडली आणि हात गेला. मी बघायला थांबलोही नाही.

घरी पोचलो तेव्हा दोन तासांना दहा मिनिटं बाकी होती. सिस्टरनी पिशवी जवळजवळ हिसकावलीच. दुपारी तीनला त्या बाहेर येऊन ओट्यावर बसल्या, चहा मागितला आणि म्हणाल्या, "सर, रक्त थांबलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची छाती अशी वाजतीये, तुम्ही तो चढ चढलात कसे?"

आता इथे तुम्हाला वाटेल की शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पंजा उमटला असेल. मी शर्ट काढून उजेडात धरून बघितला. काहीही नव्हतं. विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मी स्वतःशी किती तर्क केले म्हणता! जीव वाचवायच्या वेळी अंगात दहा माणसांचं बळ येतं, मेंदूला हवा कमी पडली की जुन्या आठवणी खऱ्या वाटतात. पटवून घेतलं. दोन दिवस पटलं, तिसऱ्या दिवशी ती दोन थापांची जागा पाठीवर जशीच्या तशी आठवली.

सुलोचनाला मी महिन्याभराने सांगितलं. हातही आणि पानही. हाताबद्दल तिने काही शंका काढली नाही. पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "मंग जाऊन सांगा की त्याला. पान खिशात घातलं व्हतं म्हणून सांगा. माझा जीव वाचला, त्याला कळाया नको?"

"जातो," मी म्हणालो. जायला सात वर्षं लागली. कधी परीक्षा, कधी सुगी, कधी पोरीचा ताप. परभणी काय लंकेत आहे? ती दर महालक्ष्म्यांना एकदा आठवण करायची. "आवं, औंदा तरी जावा."

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव बदललं. त्याच उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मला परभणीला जावं लागलं. बरोबरच्या एका शिक्षकाने सहज सांगितलं, सुखदेव सर ना, ते मुलांच्या वसतिगृहावर असतात. संध्याकाळी चालत गेलो. अंगणात तो एका झाडाला पाणी घालत होता. डाव्या हातात बादली. पांढऱ्या शर्टाची उजवी बाही कोपराशी दुमडून पिनेने टाचलेली. बाहीत हात नव्हता.

त्याने मला लगेच ओळखलं. "आरं, किशन! दमा काय म्हणायलाय?" आणि हसला. आत नेलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. मी त्या बाहीकडे बघत होतो. शेवटी विचारलंच, कधी?

"तवाच. अठ्ठ्याहत्तरला. हाड बसलं न्हाई, मंग सडाय लागलं. डॉक्टर म्हणले हात ठिवायचा का जीव. म्हणलं जीव ठिवा, आजून बारावी व्हायचीय."

लोक मोडला म्हणाले होते. कापला हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. म्हणजे ज्या दिवशी माझ्या पाठीवर तो हात होता, त्या दिवशी या पृथ्वीतलावर तो हातच नव्हता. नऊ वर्षांपासून नव्हता.

मी त्याला चढाचं सगळं सांगितलं. ओढा, दमा, पाठीवरचा पंजा, दोन थापा. फक्त धोंड्याखाली पान ठेवलं तेवढं सोडून. तो आधी हसला, "मला हातच न्हाई लेका, ढकलू कशानं?" मग हसायचं थांबला. दुमडलेल्या बाहीवर डावा हात फिरवत बसला.

"एक सांगू का किशन? हे नसलेलं बोट न् बोट मला आजून कळतंय. दुखतंय, खाजतंय. डॉक्टर म्हणतेत व्हतंय आसं, मेंदूला सवय ऱ्हाती. ते समजलं. पण कवा कवा आसं वाटतंय की तळव्याखाली कोणाची तरी पाठ हाय. गरम. धापा टाकायलेली." माझ्याकडे न बघता बोलत होता. "मी कोणालाच सांगितलं न्हाई हे. बायकोलाबी न्हाई."

त्याची बायको चहा ठेवून गेली. चहावर साय धरली.

मग त्याने विचारलं. चिडून नाही, मान वाकडी करून, वर्गात गणित अडलं की विचारायचा तसं. "त्या दिवशी मी त्यो धोंडा धा येळा उचलून बगितला. पान न्हवतं. म्हणलं किशन मागंच हाय, ह्याची छाती आशी, मी गेलो तर एकटा कसा चढंल? म्हणून थांबलो." मग स्वतःच म्हणाला, "पान वाऱ्यानं उडालं आसंल का रं?"

सुलोचनाने सात वर्षं जे पढवून पाठवलं होतं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. पान खिशात होतं. माझ्या खिशात. मायने ते विहिरीवर फेकलं. एवढंच बोलायचं होतं, आणि समोर ना तात्या होते, ना ते दोघं. कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "उडालं असंल. वारा लय होता त्या दिवशी."

धोंड्याखाली दाबलेलं पान वाऱ्याने उडत नाही. पायथ्याला पानं ठेवत मोठ्या झालेल्या आम्हा दोघांना हे सांगायला नको. त्याने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "हां, उडालंच आसंल," म्हणाला.

मला सोडायला तो बसस्टँडपर्यंत आला. गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्याने मागून डाव्या हाताने पाठीवर दोनदा थाप मारली. "जा आता. जागा धर."

जिंतूर येईपर्यंत मी सीटला पाठ टेकवली नाही. घरी सुलोचनाने विचारलं, सांगितलं का? मी हो म्हणालो. तिच्याशीही खोटं बोललो. हे ती इथे वाचेल, तिला कळू दे.

सुखदेव दोन वर्षांपूर्वी गेला. मी मातीला गेलो होतो. परत येताना फाट्यावर उतरलो आणि चालत पायथ्यापर्यंत गेलो. रस्ता आता डांबरी, रुंद झालाय. मैलाचा दगड काढून टाकलाय, धोंडा कुठल्या भरावात गेला देव जाणे. पळस मात्र आहेत. मी एक पान तोडलं आणि ते हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो. पान ठेवायला कुठे जागाच नव्हती. शेवटी ते खिशात घातलं आणि घरी आलो.